तबला, पेटी, सतार, बासरीसाठी छोटा कंडेन्सर माइक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या खोलीत वाद्य रेकॉर्ड करणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत तबल्याचे लोक सर्वांत जास्त, त्यांच्या खालोखाल पेटी आणि सतारवाले. त्यामुळे उत्तरंही त्याच वाद्यांना धरून आहेत. गिटारवाल्यांनी प्रश्न ११ मधलं सतारीचं उत्तर वाचलं तरी बरंचसं काम भागेल.

१. बाजारात कंडेन्सर माइक ढीगभर आहेत. त्यातला छोटा कंडेन्सर कसा ओळखायचा?

कंडेन्सर म्हणजे साठवलेल्या विद्युत्भारावर चालणारा, बाहेरून वीज लागणारा माइक. त्यातल्या छोट्याला दुकानात सर्रास ‘पेन्सिल माइक’ म्हणतात. बोटभर जाडीची नळी आणि टोकाला जाळी. आतला डायफ्राम, म्हणजे आवाजाने हलणारा पातळ पडदा, साधारण अर्ध्या ते पाऊण इंचाचा असतो. गायकांसमोर दिसणाऱ्या मोठ्या माइकमध्ये तो इंचभर असतो. छोटा माइक टोकाने आवाज घेतो, मोठा बहुधा अंगाने. म्हणून पेन्सिल माइक वाद्याला आडवा धरू नका, टोक वाद्याकडे करा. कॉलरला लावायचा माइक आकाराने याहूनही लहान असतो, पण तो वेगळा प्रकार आहे आणि त्याबद्दल इथे काही नाही.

२. गाण्यासाठी मोठा कंडेन्सर घेतलेला आहेच. तोच तबल्याला लावला तर काय बिघडेल?

बिघडणार काहीच नाही, लावून बघा. फरक दोन ठिकाणी जाणवतो. लहान डायफ्राम हलका असतो, त्यामुळे चाटेवरचा ‘ना’ किंवा संतूरच्या कलमांचा आघात तो चटकन आणि स्वच्छ पकडतो. याहून महत्त्वाचा फरक कडेने येणाऱ्या आवाजाचा. मोठ्या माइकवर आवाज तिरपा आला की वरचे स्वर मंदावतात, आवाजाचा रंग पालटतो. छोट्या माइकमध्ये हा पालट बराच कमी असतो. तबला-डग्ग्याच्या मधोमध एकच माइक लावला तर दोन्ही तोंडं त्याच्या कडेला पडतात. त्यात खोलीतून परतणारा आवाज तर सगळीकडूनच येतो. एकदा हे ध्यानात आलं की छोटा माइक का घ्यायचा ते वेगळं सांगावं लागत नाही.

मोठा माइक एका बाबतीत सरस असतो: स्वतःची खरखर कमी. त्याचा हिशोब प्रश्न ६ मध्ये आहे.

३. ‘४८ व्होल्ट’ म्हणजे काय? मोबाइलला थेट जोडता येणार नाही का?

नाही. कंडेन्सर माइकला वीज लागते, आणि ती आवाजाच्याच एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलमधून माइककडे जाते. याला फँटम पॉवर म्हणतात. ४८ हा आकडा १९६६ सालचा. न्यूमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी केएम ८४ हा छोटा माइक बनवला. हिवाळ्यात तिकडे दिवस लहान, म्हणून स्टुडिओत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती. तीच माइकलाही वापरायचं ठरलं आणि पुढे जगभर तोच दंडक झाला.

मोबाइल किंवा लॅपटॉपच्या लहान भोकातून मिळणारी वीज जेमतेम काही व्होल्टची असते. तेव्हा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज मोबाइल-संगणकात नेणारी डबी) किंवा ४८ व्होल्ट देणारा हँडी रेकॉर्डर घ्यावा लागतोच. बजेट मांडताना माइकसोबत इंटरफेस, केबल आणि ठेंगणा बूम स्टँड हेही धरा. आपले वादक खाली बसून वाजवतात, उंच स्टँड पूर्ण खाली केला तरी अडचणच करतो.

४. ४८ व्होल्टचं बटण चालू असताना चुकून साधा डायनॅमिक माइक जोडला. तो जळेल का?

डायनॅमिक माइक विजेशिवायच चालतो. केबल धड असेल तर त्याला काही होत नाही. जपायचं ते जुन्या रिबन माइकला, ज्यात पडद्याऐवजी धातूची पातळ पट्टी असते. तुटकी किंवा चुकीची जोडलेली केबल असेल तर त्याची पट्टी खराब होऊ शकते. एक सवय मात्र लावून घ्या: केबल लावता-काढताना ४८ व्होल्ट बंद आणि स्पीकरचा आवाज खाली. नाहीतर जो ‘धप्प’ आवाज होतो, तो स्पीकरला आणि कानाला दोघांनाही त्रासदायक.

५. कार्डिऑइड घ्यावा की ऑम्नी?

पहिला माइक कार्डिऑइड. तो समोरून ऐकतो आणि पाठीकडचं बरंचसं सोडून देतो, म्हणून पंखा किंवा खिडकी त्याच्या पाठीशी ठेवता येते. ऑम्नी चहूकडून ऐकतो. त्याचा खर्ज सरळ आणि खोलवर जातो, वाद्याच्या अगदी जवळ नेला तरी फुगत नाही (का, ते प्रश्न ९ मध्ये), आणि फुंकेचा वाराही त्याला कमी बाधतो. पण खोली वाईट असेल तर ती तो जशीच्या तशी ऐकवतो.

यांच्या मधला एक प्रकार आहे, रुंद कार्डिऑइड. स्वीडनच्या लाइन ऑडिओ कंपनीचा सीएम४ हे त्याचं नावाजलेलं उदाहरण. माझ्या मते तंतुवाद्यांना हा प्रकार फार शोभतो. आपल्याकडे तो सहज मिळत नाही, एवढीच अडचण.

६. माहितीपत्रकातले कोणते आकडे खरंच बघायचे?

तीन. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ हा मोठ्या अक्षरातला आकडा सोडून द्या, तो सगळेच छापतात.

पहिला, माइकची स्वतःची खरखर. न्यूमन केएम १८४ ची १३ डेसिबल, रोड एनटी५ आणि शूअर एसएम८१ यांची १६, रोड एम५ ची १९. आकडा जितका कमी तितका माइक शांत. तबल्याला १९ सुद्धा पुरे, कारण तबला स्वतःच जोरकस आहे. पण एकटा तानपुरा किंवा सतारीची हळुवार आलापी दूरवरून घ्यायची असेल तर १६ च्या वर जाऊ नका. काही मोठ्या डायफ्रामचे माइक ५ डेसिबलच्याही खाली असतात. तानपुऱ्यासाठी तो पर्याय नक्की विचारात घ्या.

दुसरा, संवेदनशीलता. केएम १८४ ची १५ मिलिव्होल्ट आणि एसएम८१ ची ५.६. म्हणजे त्याच आवाजाला एसएम८१ सुमारे साडेआठ डेसिबल कमी संकेत देतो. तेवढं गेन (माइकचा संकेत मोठा करणं) इंटरफेसवर वाढवावं लागतं, आणि स्वस्त इंटरफेसची खरखर तिथेच वर येते. दोष मग माइकवर जातो.

तिसरा, सर्वांत मोठा किती आवाज सोसतो. १३० डेसिबलच्या पुढे असेल तर आपल्या कुठल्याही वाद्याला काळजी नाही. ढोलकी किंवा पखवाज जवळून घेणार असाल तर १० डेसिबलचा पॅड (संकेत तेवढा कमी करणारं बटण) असलेला माइक बरा.

७. चांगला माइक घेतला तरी आवाज डब्यातून आल्यासारखा का येतो?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर दरवेळी तेच: खोली. आपल्याकडची नेहमीची खोली म्हणजे खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, चार उघड्या भिंती. वादक जमिनीवर बसलेला, वाद्य फरशीपासून वीतभर-हातभर उंच. आवाज हवेतून १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. माइकला वाद्याचा आवाज सरळ मिळतो आणि मागोमाग एक-दीड मिलिसेकंदात फरशीवरून परतलेला. दोन्ही मिसळले की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज पोकळ होतो. हे इक्वलायझरने दुरुस्त होत नाही.

सतरंजीने फक्त वरचे स्वर थोडे दबतात. जाड गादी घाला, वर दोन गोधड्या. वादकाच्या पाठीमागे आणि माइकच्या पाठीमागे कपड्यांचं उघडं कपाट किंवा भरलेला पुस्तकांचा रॅक येईल असं बसा. भिंतीला चिकटू नका, कोपऱ्यात तर नकोच. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका. त्यांनी झुरळांची सोय होते, आवाजाची नाही.

माझं सरळ मत: खोलीवर काहीच केलं नसेल तर महागडा माइक घेऊ नका. स्वस्त माइक आणि गादी-गोधड्या घातलेली खोली हे जोडकाम महाग माइक आणि उघड्या खोलीपेक्षा दरवेळी वरचढ ठरतं.

८. तबल्याला माइक नेमका कुठे लावायचा?

एकच माइक असेल तर वादकाच्या समोरून, दोन्ही तोंडांच्या मधोमध, पुड्यांपासून ३० ते ४० सेंटिमीटर वर, टोक खाली तिरपं. मग कोणाला तरी वाजवायला सांगा, हेडफोन घाला आणि माइक चार-चार बोटं सरकवत ऐका. टोक शाईकडे वळलं की ‘तिं’ची आस लांबते, चाटेकडे वळलं की ‘ना’ टोकदार होतो. सोलो तबल्याला मी थोडं चाटेकडे झुकतं ठेवतो. गाण्याच्या साथीला उलट, नाहीतर प्रत्येक ‘ना’ गायकाच्या शब्दावर टोचतो.

दोन माइक असतील तर एक तबल्याला, एक डग्ग्याला, प्रत्येकी २० ते २५ सेंटिमीटरवर. डग्ग्याचा माइक मनगटाच्या बाजूने लावू नका. मनगट पुडीवर घासतं ती घसर मग मींडेपेक्षा मोठी ऐकू येते. माइक बोटांच्या पलीकडून यावा. आणि तबला मिळवताना हातोडीचे ठोके पडत असतील तेव्हा गेन खाली ठेवा. गट्ट्यावरचा घाव बोलांपेक्षा कितीतरी जोरात येतो आणि त्यावरून ठरवलेलं गेन चुकतं.

पातळी ठेवताना २४ बिटमध्ये सर्वांत जोरकस बोल उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. काटा लाल रेषेपर्यंत न्यायची सवय जुन्या टेपच्या काळातली, आता तिची गरज नाही.

९. जवळ माइक लावला की डग्गा फुगतो, घुमतो. लो-कट बटण दाबू का?

लो-कट म्हणजे खालचे स्वर कापणारं बटण. तबल्याच्या माइकवर दाबलंत तर फारसं बिघडत नाही. काळी एकला लावलेल्या तबल्याचा सा २७७ हर्ट्झच्या आसपास असतो, लो-कट त्याच्या बराच खाली काम करतो. डग्ग्यावर मात्र तोच लो-कट ‘गे’चा तळच कापून नेतो.

फुगण्याचं कारण वेगळं आहे. कार्डिऑइड माइक उगमाच्या जवळ नेला की खर्ज आपोआप वाढतो. म्हणून आधी माइक वीतभर मागे घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर डग्ग्यापुरता ऑम्नी वापरा, त्यात ही वाढ होतच नाही. आणखी एक तपासा: डग्गा नीट चुंबळीवर आहे ना? थेट फरशीवर टेकला असेल तर घुमण्याचा दोष माइकचा नाही.

१०. पेटीच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरांपेक्षा भात्याचा आवाज जास्त येतो. काय करावं?

माइक बहुधा श्रोत्यांच्या बाजूला लावलेला असणार. भाता नेमका त्याच बाजूला असतो. हवेचा फुसफुस आणि बिजागरीची किरकिर आधी येते, सूर मागून. माइक वरून आणा: पट्ट्यांच्या पुढच्या जाळीच्या दिशेने, ४० ते ५० सेंटिमीटर उंचावरून. पट्ट्यांची खटखट ऐकू आली तर आणखी थोडा वर घ्या. बिजागरीला तेलाचा थेंब आणि सैल पट्ट्यांखाली नवी बनात, हा इलाज कुठल्याही माइकपेक्षा स्वस्त आहे.

पेटीला दोन माइक मला अनावश्यक वाटतात. खर्जाला एक, तारसप्तकाला एक असे लावले तर हेडफोनमध्ये तान डाव्या कानातून उजव्या कानात पळते. समोर बसून पेटी कोणी तशी ऐकत नाही.

११. सतार आणि तानपुऱ्याची जवारी पकडायची तर माइक घोडीजवळ हवा ना?

वाटतं तसं, पण घोडीवर रोखलेला माइक जवारी पकडत नाही, तिची फक्त धार पकडतो. नखीचा टकटकाट वर येतो आणि भोपळ्यातली भर हरवते. सतारीला घोडी आणि शेवटचा पडदा यांच्यामधल्या तबलीच्या भागाकडे टोक करून ४० ते ६० सेंटिमीटरवर ठेवा. तरफांची आस ऐकून अंतर ठरवा: मुख्य तार थांबल्यावर तरफा मागे गुणगुणत राहतात, त्या खोलीच्या आवाजात बुडायच्या आत थांबा.

तानपुऱ्याचं गणित वेगळं. तो शांत वाद्य, आणि त्याचा आवाज घोडीपासून दांडीपर्यंत पसरत उलगडतो. माइक दोन हात तरी लांब हवा. इतक्या अंतरावर खरखरीचा प्रश्न येतो, तो प्रश्न ६ मध्ये आलाच आहे. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असा तानपुरा घरात असेल तर ॲपचा तानपुरा रेकॉर्डिंगपुरता तरी बंद ठेवा, आणि माइक उघडायच्या आधी जवारीचा दोरा शांतपणे लावून घ्या. दोरा चुकला तर कुठलाही माइक तो दुरुस्त करत नाही.

१२. बासरीत फुंकेचा फसफस आवाज फार येतो.

फुंकेच्या छिद्रासमोर माइक नको. बोटांच्या छिद्रांच्या बाजूने, बासरीपेक्षा थोडा वर, ३० ते ४५ सेंटिमीटरवर ठेवा. फोमची टोपी घाला. थोडी फुंक ऐकू यावीच, ती पार काढली तर बासरी की-बोर्डची वाटते.

१३. एक चांगला घेऊ की तेवढ्याच पैशात दोन स्वस्तातले?

एकटं वाद्य वाजवत असाल तर एक चांगला. तबलावादकांना मात्र जोडी खरंच उपयोगी पडते. ‘मॅच्ड पेअर’ म्हणजे कारखान्यात मोजून एकसारखे निघालेले दोन माइक. स्टीरिओसाठी त्याला अर्थ आहे. तबल्याला एक आणि डग्ग्याला एक असं लावणार असाल तर जुळणीवर जादा पैसे घालायची गरज नाही.

१४. स्टीरिओ घेताना दोन माइकांत किती अंतर ठेवायचं?

दोन पद्धती पुरतात. पहिली एक्स-वाय: दोन्ही टोकं एकावर एक, कोन ९० अंशांचा. सुरक्षित, पण थोडी अरुंद. दुसरी ओआरटीएफ, फ्रान्सच्या रेडिओने रुळवलेली: टोकांमध्ये १७ सेंटिमीटर, कोन ११० अंश. बैठकीचा अनुभव हवा असेल तर हीच. रेकॉर्डिंग झाल्यावर मोनो करून (डावी-उजवी बाजू एकत्र मिसळून) नक्की ऐका. तुमचं वादन बहुतेक लोक मोबाइलच्या स्पीकरवरच ऐकणार आहेत, आणि तिथे मोनोत डग्गा गायब झाला तर स्टीरिओचं कौतुक कोणी करत नाही.

१५. गायक, पेटी आणि तबला एकाच खोलीत, एकाच वेळी. प्रत्येकाच्या माइकमध्ये सगळेच येतात!

येणारच, आणि थोडे यावेतही. आडाखा तीनास एकचा: माइक वाद्यापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर दुसऱ्या वाद्याचा माइक या माइकपासून किमान ९० सेंटिमीटर दूर. प्रत्येक माइकची पाठ शेजाऱ्याकडे करा. छोट्या कंडेन्सरमध्ये शिरलेला शेजाऱ्याचा आवाज निदान बिघडलेला नसतो, प्रश्न २ मधलं कारण इथेही लागू आहे.

साथीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवण्याच्या फंदात पडू नका. सम डोळ्यांनी दिसली पाहिजे.

१६. शेवटी घेऊ कोणता?

हाताशी बजेट कमी असेल तर बेहरिंगर सी-२ ची जोडी. खरखर आहे, वरचे स्वर थोडे कडक आहेत, पण तबला शिकणाऱ्याला पुरते. मधल्या पायरीवर रोड एनटी५ किंवा एसई इलेक्ट्रॉनिक्सचा एसई८. एसई८ ची खरखर १३ डेसिबल आहे, शिवाय पॅड आणि लो-कट दोन्ही आहेत, म्हणून माझा कल तिकडे. शूअर एसएम८१ सपाट, इमानदार आणि मजबूत, स्टेजवरही टिकतो. न्यूमन केएम १८४ ला वरच्या टोकाला किंचित चमक आहे. ती बासरी आणि संतूरला शोभते, धारदार जवारीच्या सतारीवर मला जास्त वाटते. रशियाचा ऑक्टावा एमके-०१२ मिळाला तर त्याची टोकं बदलता येतात, एकाच नळीवर कार्डिऑइड आणि ऑम्नी दोन्ही.

नामांकित माइकच्या हुबेहूब नकला फिरतात. जुना घ्यायचा तर हेडफोन लावून, गेन वर करून, शांत खोलीत पाच मिनिटं ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

१७. पावसाळ्यात माइक मधूनच तडतडतो. खराब झाला का?

बहुधा नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर ही तक्रार ठरलेली. दमट हवेमुळे डायफ्रामजवळ ओल धरते आणि साठवलेला विद्युत्भार गळतो. एसी खोलीतून माइक एकदम बाहेर दमट हवेत आणला तर हे हमखास होतं. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात एक-दोन दिवस ठेवा, बहुतेक वेळा तडतड जाते. पुड्यांमधले मणी रंग बदलले की त्या पुन्हा वाळवा. हेअर ड्रायर मारू नका, उन्हात ठेवू नका. सेन्हायझरची एमकेएच मालिका वेगळ्या, रेडिओ-फ्रीक्वेन्सीच्या तत्त्वावर चालते आणि दमट हवेला पुरून उरते, पण किंमतही तशीच.

१८. देवळातल्या भजनाला किंवा स्टेजवर हेच माइक वापरता येतील का?

येतील, पण मॉनिटर स्पीकर (कलाकारांकडे तोंड केलेला) जवळ असेल तर शिट्टी लवकर वाजते. मंडळ मोठं, टाळ जोरात आणि मंडप उघडा असेल तर साधे डायनॅमिक माइकच लावा.

१९. नवा माइक लावला, तरी अमेरिकेतला शिष्य म्हणतो, ‘सर, बायां ऐकूच येत नाही, तबलाही तुटतोय.’ माइक परत करू का?

थांबा. व्हिडिओ कॉलचं ॲप बोलण्यासाठी बनलेलं असतं. डग्ग्याची, म्हणजे बायांची, लांबलेली आस त्याला पंख्याची घरघर वाटते, ‘तिरकिट’ त्याला टेबलावरची टकटक वाटते, आणि दोन्ही ते पुसून टाकतं. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा, माइकची पातळी आपोआप ठरवणारी खूण काढा, आणि माइक म्हणून तुमचा इंटरफेसच निवडला आहे ना ते बघा. पुष्कळदा लॅपटॉपचा स्वतःचाच माइक चालू असतो. तबल्यावर नव्हे, पेन्सिल माइकच्या जाळीवर नखाने हळूच टिचकी मारून विचारा, ऐकू आलं का. शिष्यालाही हेडफोन घालायला सांगा, फोनच्या स्पीकरमधून डग्ग्याचा खर्ज येतच नाही.